ड्युटी डेस्कचा आउटबॉक्स

३ मार्च, सोमवार

लागले एकदाची नोकरीला! अंधेरीच्या एमआयडीसीत, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, सिस्टीम ॲडमिन म्हणून. सिद्धेशदादा इथे टेक्निशियन आहे, त्यानेच साहेबांच्या मागे लागून चिकटवलं. घाटकोपरहून त्याच्या बाइकवर मागे बसून आले, तर गेटवरचा वॉचमनसुद्धा माझं अभिनंदन करायला लागला. दादाने शनिवारीच सगळ्यांना पेढे वाटले होते. इतकी लाज वाटली, आणि इतकं बरंही वाटलं.

ऑफिसात सगळ्या काँप्युटरवर विंडोजऐवजी कंपन्यांसाठीचं ते खास लिनक्स आहे. वर्षानुवर्षं बदलत नाही, कंटाळवाणं आणि भरवशाचं, आमच्या दादासारखं. मेलच्या प्रोग्रॅमला मात्र सारखे अपडेट येतात, कारण चोर शिरायला नवनवी भोकं सापडत असतात. तो प्रत्येक मशीनवर ताजा ठेवायचा, हे माझं मुख्य काम. इथे मेलला फार मान आहे. ड्युटी डेस्कवरून मेल आली की टेक्निशियनने टूलबॉक्स उचलायचा आणि निघायचं, का म्हणून विचारायचं नाही.

ही रोजनिशी फोनवरच लिहिणार आहे. वही आई वाचते.

५ मार्च, बुधवार

सगळ्या मशीन अपडेट झाल्या, एक सोडून. कोपऱ्यातल्या त्या मशीनवर कुणीतरी मुद्दाम लॉक घातलंय. बाकी सगळं अपडेट होतं, मेलचा प्रोग्रॅम तेवढा जुनापुराणा राहतो.

अकाउंट्सच्या बेव्हर्लीला विचारलं. ती म्हणाली, मशीन धोंडिराम साळवींची. ड्युटीच्या मेल तेच पाठवायचे. कांदिवलीच्या एका सोसायटीत, बी विंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेले. टेक्निशियन कुणी मोकळा नव्हता म्हणून स्वतःच गेले होते. त्या लिफ्टची वीजसुद्धा सोसायटीने तेव्हापासून तोडलीय. मशीन चालू राहू दे, पण हात लावू नको गं, एवढं बोलून ती परत बिलं तपासायला लागली. मला मनातून हसू आलं. सव्वीस वर्षांची मुलगी, आणि काँप्युटरला घाबरते!

१० मार्च, सोमवार

सुरक्षा तपासणीच्या रिपोर्टमध्ये तेवढी एकच मशीन लाल दिसत होती. माझ्या पहिल्याच रिपोर्टला डाग. बेव्हर्ली जेवायला गेली तेव्हा लॉक काढलं आणि अपडेट चढवलं. झकास चढलं.

साळवींच्या आउटबॉक्समध्ये मेल अडकल्या होत्या. जुन्या प्रोग्रॅमला ऑफिसचा नवा मेल सर्व्हर दारातही उभं करत नव्हता. अपडेट झाल्यावर पहिली मेल सुळकन गेली. बाळाला, म्हणजे दादाबरोबरचा टेक्निशियन, रोज त्याचा डबा पळवणारा. मेलमध्ये बी विंगचाच पत्ता होता. बाकीच्या तशाच रांगेत थांबल्या. म्हटलं, जुनी मेल आहे, बाळा हसेल आणि पुसून टाकेल.

पण बाळा तर मागच्या दिवाळीत लागला. त्याच्या कितीतरी आधी गेलेल्या साळवींना त्याचा मेलचा पत्ता कुठून माहीत असणार?

११ मार्च, मंगळवार

बाळा गेला. बी विंगच्या खड्ड्यात सापडला, टूलबॉक्स शेजारी नीट बंद करून ठेवलेला.

बेव्हर्लीने मला जिन्यात गाठलं. ती रडत होती. म्हणाली, साळवी गेल्यावरही मेल येत राहिल्या, आणि ज्यांना आल्या ती माणसं गेली. मशीन भंगारात दिली तर मेल दुसऱ्या मशीनवरून जायला लागल्या. परत आणून बसवली. मग सर्व्हर बदलला आणि मेल आपोआप अडकल्या. म्हणून ते लॉक. "सांगायला पाहिजे होतं यार, पण नव्या माणसाला असलं काय सांगणार?"

मी मारलं बाळाला. दुसरं काय म्हणू?

१२ मार्च, बुधवार

सकाळपासून जुना प्रोग्रॅम परत बसवतेय. बसतो, पण साळवींचं खातं उघडत नाही. म्हणतो, हे खातं नव्या आवृत्तीने वापरलंय, मला चालणार नाही. नेटची केबल काढली. तरी दुपारी राजेशला मेल गेली.

राजेश जुना टेक्निशियन, त्याला सगळं ठाऊक. तो थेट मुलुंडला घरी गेला. बायकोचा फोन आला — जेवता जेवता उठला, युनिफॉर्म घातला, हाक मारली तरी वळला नाही.

रांगेत आता एकच मेल उरलीय. सिद्धेशदादाला.

१३ मार्च, गुरुवार

राजेशही गेला.

दादाची मेल पुसते, परत येते. पुसते, परत येते. आज होळी. घरी आई पुरणपोळ्या लाटतेय आणि दादा तिची मस्करी करतोय, मला म्हणतो, तू त्या मशीनचं एवढं मनावर घेऊ नको गं. मला त्याच्याकडे बघवत नाही. माझ्या नोकरीचे पेढे वाटले रे त्याने.

१५ मार्च, शनिवार

कळलं. मेल पुसली जात नाही, पण पत्ता बदलता येतो. सकाळीच ऑफिसात जाऊन दादाचा काढला, माझा टाकला. तसाच राहिला. बेव्हर्लीला तेवढं कळवलं.

घरी येऊन दादाला खोलीत कोंडलंय, बाहेरून कडी घातली. आईला म्हटलं, काही झालं तरी उघडू नको.

मेल गेली. फोन वाजला. माझंच नाव आहे. किती बरं वाटलं, सांगता येत नाही —

शनिवार, दुपार

कांदिवली. रिक्षात कधी बसले आठवत नाही. पाय आपले आपण चालतायत. हातात दादाचा टूलबॉक्स. बी विंग. भर उन्हात इथे गार आहे. लिफ्टचं दार बंद, वर धूळ. भीती वाटतेय, खूप — पण दादा घरी आहे. दादा घरी आहे —

आईचा फोन. दादाने मघाशीच कडी तोडली. बेव्हर्लीने त्याला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाला, माझी ड्युटी माझी बहीण कशी करेल —

दादाचा फोन. बाइकवरून माझ्या आधी पोचलाय. मला शोधत जिन्याने गच्चीपर्यंत गेला. दम लागलाय त्याला. म्हणतो, तिथेच थांब, हलू नको, आलोच खाली. लिफ्ट चालू दिसतेय —

ओरडले. फोन कट झाला. परत लावतेय, लागत नाही —

लिफ्टच्या दारावरचा, मजल्याचा आकडा दाखवणारा दिवा लागला. वीज नाही इथे, वीज तोडलीय —

सात. सहा. दादा, उतर, जिन्याने ये, दा