सुरेखाची घाबरगुंडी

१२ नोव्हेंबर, सकाळी ७
कालच्या अँजिओग्राफीत हृदयाची एक नस ऐंशी टक्के बंद निघाली. १९ तारखेला स्टेंट. मी शांत आहे. तीस वर्षं रेल्वेच्या संशोधन खात्यात गाड्यांचे ब्रेक तपासले, एका नसेत जाळी बसवणं ते काय. काळजी आहे ती बायकोची. सुरेखा काल रात्रभर घोरत होती. मी प्रत्येक घोरणं ऐकलं. इतकं घोरणं नॉर्मल नाही.
संकल्प: उद्यापासून प्राणायाम. सुरेखाला धीर देणे.

१३ नोव्हेंबर
प्राणायाम नाही. लखनौची थंडी, आमच्या मानक नगरात धुकं फार. बीपी १६४. मशीन बिघडलंय. दुसरं आणलं, १७०. हल्ली क्वालिटी कंट्रोल म्हणून काही उरलेलं नाही.

१४ नोव्हेंबर
हॉस्पिटलात चेतना नावाची कौन्सेलर भेटली. हार्टच्या पेशंटना घबराहट, उदासी येतेच, अंकल, खुलके लिखिए, म्हणाली आणि प्रश्नावली दिली. मी प्रत्येक प्रश्नापुढे 'कधीच नाही'. चार मिनिटांत काम खतम. सुरेखासाठी एक कोरा फॉर्म मागून घेतला.

१५ नोव्हेंबर
आमच्या ऑफिसात ज्याची तपासणी, त्याने स्वतःचा रिपोर्ट भरायचा नसतो. म्हणून सुरेखाचा फॉर्म मीच भरला, निरीक्षणावरून. पहाटे तीनला जाग येते. जेवण जात नाही. बाथरूमची कडी लावायची भीती वाटते, आत काही झालं तर? सत्तावीसपैकी तेवीस मार्क. बिचारी.

१७ नोव्हेंबर
सुरेखाची ही अवस्था असताना मी स्टेंट घालून घेणं माणुसकीला धरून नाही. तारीख पुढे ढकलायचा अर्ज लिहिला, फॉर्म जोडला. पूर्वा दिल्लीहून आली. पोरगी लखनौत वाढलेली, मराठीला हिंदीत उत्तर देते. म्हणाली, बाबा, डर आपको लग रहा है, आई को नहीं. आजकालच्या मुलांना आईची कदर नाही.

१८ नोव्हेंबर
घात झाला. चेतनाने अर्ज बाजूला ठेवला आणि फॉर्म सोबत आलेल्या सुरेखालाच वाचायला दिला. तिने शांतपणे सगळा वाचला. म्हणाली, अहो, कडी तर मी रोज लावते. मग माझंच पेन घेऊन वरचं स्वतःचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. मी हरकत घेणार होतो, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एसी फार होता. चेतनाने अर्धा तास बोलू दिलं. आपण मरणार असं वाटतं, हे मी तीनदा म्हणालो म्हणे.
तारीख तीच राहिली.

२० नोव्हेंबर, वॉर्ड
काल स्टेंट झाला. पाऊण तास. आत नेताना डॉक्टरांनी विचारलं, घाबरलात का? सरळ हो म्हणालो. हलकं वाटलं.
आज पूर्वाने सांगितलं, आई काल सगळा वेळ बाहेरच्या बेंचवर माझा चष्मा मुठीत धरून बसली होती. पानी तक नहीं पिया.
आठवडाभर मी सुरेखाच्या नावावर माझी भीती लिहीत होतो. तिची किती आहे, हे एकदाही विचारलं नाही. आज विचारलं. म्हणाली, आता विचारताय होय, आणि रडायला लागली. मग मीही. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी आपला पडदा ओढून घेतला.