लेडव्हिलच्या हवेसाठी बारीक जेट

डेल्फीना,

तुझ्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर साफ केलाय आणि पेट्रोल सोडणारा जेट बदलून बारीक बसवलाय. लेडव्हिल उंच डोंगरात, तिथे हवा विरळ, पेट्रोल कमी लागतं. इथे खाली प्युएब्लोत गाडी जरा अडखळेल, तापेलही. बिघडली समजून परत फिरू नकोस. घाट चढेपर्यंत हळू चालव; वर पोचलीस की सुरळीत पळेल.

काल आई म्हणाली, "गाडी दुरुस्त होत नाही म्हणून सांग, म्हणजे पोरगी राहील." मी म्हटलं, "नोकरी मिळालीय तिला, जाऊ दे."

फ्रिजमधले तमाले वाटेत खायला आठवणीने घे. मी शेजारच्या रॅमनकडे कुंपण घालायला चाललोय. कुंपणाची घाई नाही, पण निरोपाला थांबलो तर मीही आईसारखंच बोलेन.

बाबा