चार वाजेपर्यंतची विश्रांती

चम्फाई,
गुरुवार

माझ्या ऊस, म्हणजे थोरल्या बहिणीस, आदरणीय रेमीस, धाकट्या बिआकीचा मनापासून सलाम. प्रभूची कृपा तुझ्यावर, भाऊजींवर आणि तुझ्या सतरा कोंबड्यांवर असो. तुझा गुडघा कसा आहे? आणि पित्ताशयातला तो खडा? आहे ना अजून? (असावा असं मी म्हणत नाही. सहज विचारते आहे.) भाऊजींचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर त्यांनी पाइप सोडला नसेल, एवढं मला इथे बसून कळतं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मीही जिवंत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण लुंगलेईच्या बाजाराला आलेलं आमच्या आळीतलं कुणी तुला भेटलं, तर ते कदाचित वेगळं सांगेल. फोन केला असता, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस, आणि ही गोष्ट तीन वाक्यांत मावणारी नाही.

सुरुवात डॉक्टरांपासून झाली. मला चक्कर आली म्हणून गेले, तर रक्तदाब वाढलेला. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. मी हसून म्हटलं, डॉक्टर, आम्ही ख्रिस्ती माणसं, आमचा विश्रांतीचा दिवस देवानंच ठरवून दिलेला आहे. ते बाहेरून बदलून आलेले. त्यांनी विचारलं, मग रविवारी करता काय? मी सांगू लागले. पहाटे उठून सगळ्यांच्या कपड्यांची तयारी, मग शब्बाथ शाळा (बायकांचा चौथा वर्ग मी घेते), मग जेवण, मग दुपारची उपासना, मग गायनाची तालीम, मग आजाऱ्यांच्या भेटी, मग संध्याकाळची उपासना, मग उपासनेनंतर उभ्या उभ्या होणारी बैठक, जी बसून केली तर लवकर संपेल. रविवारी चुलीखेरीज कशाला हात लावायचा नाही, म्हणून पाणी, लाकडं, झाडलोट, धुणं सगळं शनिवारी. म्हणजे एका दिवसाच्या विश्रांतीसाठी मी दोन दिवस राबते. डॉक्टर लिहायचे थांबले होते. म्हणाले, बाई, तुम्ही सोमवारी विश्रांती घ्या. सोमवारी मला शाळेत शिकवायचं असतं, हे त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही.

आता खरी गोष्ट. येत्या मंगळवारी आमच्या महिला मंडळाची निवडणूक आहे, आणि मी नऊ वर्षं कार्यवाह आहे. दर वेळी मी 'आता दुसऱ्या कुणाला करा' असं म्हणायला तोंड उघडते आणि तोंडातून 'बरं' बाहेर पडतं. तुला आठवतं ना, आई म्हणायची, चर्चच्या मंडळीनं काही मागितलं की 'नाही' हा शब्द चपलेबरोबर दारातच काढून ठेवायचा. तुझं बरं, तू लग्न करून लुंगलेईला गेलीस आणि जाताना चपला पायात घालून गेलीस. माझ्या अजून दारातच आहेत. म्हणून मी ठरवलं की एक रविवार खरी साधना करायची: शनिवारच्या रात्रीपासून रविवारी दुपारी चारपर्यंत उपास, मौन आणि स्थिर पडून राहणं. मनाशी म्हटलं, एक रविवार ती कार्यवाहाची खुर्ची रिकामी ठेवायची हिंमत झाली, तर मंगळवारी 'नाही' म्हणायचीही होईल.

यावर मी रोजनिशीत चार पानं लिहिली. हे मी देवासाठी करते आहे, रक्तदाबासाठी, की उपा थानझुआलांचं प्रवचन चुकवण्यासाठी? (उपा म्हणजे मंडळीतले वडीलधारे, त्यांचा मान आहेच, पण त्या रविवारी त्यांचा विषय होता सहनशीलता, आणि ते विषय नुसता सांगत नाहीत, आपल्याकडून करवून घेतात.) चौथ्या पानाच्या शेवटी उत्तर निघालं की तिन्हींसाठी, साधारण सारखंच. शिवाय मूठभर तांदळाचा प्रश्न होताच. प्रत्येक स्वयंपाकाला शिजवण्याआधी एक मूठ मंडळीच्या डब्यात टाकायची, हे आईनं शेवटच्या आजारातही चुकवलं नाही, अंथरुणातून विचारायची, मूठ काढलीस का गं? पण मी उपास केला आणि स्वयंपाकच केला नाही, तर मूठ काढायची कशातून? आणि नाही काढली, तर मी उपास देवासाठी करते आहे की देवाच्या वाट्यावर? माझा नवरा रुआता (तुला माहीतच आहे, दिवसाला वीस शब्द, तेही संध्याकाळपर्यंत पुरवून) म्हणाला, "देव मुठी मोजायला बसला असेल, तर आपण कधीच बुडालो." आणि झोपला. तो शनिवारच्या शिळ्या भातावर रविवार काढायला तयार झाला, यातच त्याचा पाठिंबा आला.

रविवारी सकाळी मी पुढच्या खोलीत चटई अंथरली, पडदा ओढला, आडवी झाले, हात छातीवर घेतले. शब्बाथ शाळेची घंटा झाली. पाय आपोआप उठायला लागले, मी त्यांना धरून ठेवलं. शेजारच्या पी छुआनीनं जाता जाता खिडकीतून हाक मारली, "बिआकी! चल की गं, आज काय पालखी पाठवू?" तुला पी छुआनी आठवत असेल, वयानं मोठी म्हणून सगळे जिला मानानं 'पी' म्हणतात, घरोघर जाऊन मुठीचे तांदूळ गोळा करते ती. मौन असल्यामुळे मी फक्त हात वर केला, म्हणजे 'तू हो पुढे' अशा अर्थानं. तिनं पडदा सारून पाहिलं, चुलीकडे पाहिलं, चूल थंड. मग न बोलता गेली. पी छुआनी न बोलता गेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढचं मला नंतर कळलं. उपासनेला कार्यवाहाची खुर्ची रिकामी. नऊ वर्षांत पहिल्यांदा. (माझी प्रसूती झाली तेव्हाही बुधवार होता.) उपांनी रुआताला विचारलं, बिआकी कुठाय? रुआता खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "घरी. आडवी आहे." काय होतंय? "बोलत नाही." काही खाल्लं? "कालपासून नाही." ही तिन्ही उत्तरं अगदी खरी होती, ऊ, त्याच्यावर मी आजही एका शब्दाचा आरोप करू शकत नाही. त्यात पी छुआनी डोळे पुसत म्हणाली, मला हात हलवून निरोप दिला हो तिनं. मग उपांनी सहनशीलता अर्ध्यावर सोडली (हे आमच्या मंडळीत प्रथमच घडलं, आणि त्याबद्दल काही लोक खासगीत माझे आभार मानतात) आणि माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली.

मी मात्र त्या वेळी झोपले होते. दिवसाढवळ्या, गाढ. कधी झोपले ते कळलंच नाही. जागी झाले ती गाण्यानं. आपल्याकडे माणूस शेवटच्या घडीला आला की म्हणतात ते गीत, हळू आवाजात, आणि नेहमीप्रमाणे बायकांचा खालचा सूर अर्धी पायरी घसरलेला. पहिला विचार आला, मी मेले. दुसरा आला, बरं झालं, मंगळवारी जायला नको. हा दुसरा विचार मी नंतर रोजनिशीत लिहिला, त्याखाली दोनदा रेघ ओढली आणि पुढे काही लिहिलं नाही. तिसरा विचार, स्वर्गातही सूर असाच घसरत असेल तर तालमी घेणार कोण, आणि यादी कोण करणार? तेव्हा डोळे उघडले.

घरात चाळीसएक माणसं. दारातून बाक आत येत होते. (कुणी गेलं की आळीतली तरुण मंडळी पहिल्यांदा बाक आणतात, हे तुला सांगायला नको, पण ती इतकी तत्पर असतील हे मला माहीत नव्हतं.) पी छुआनी माझा हात धरून रडत होती. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं. मौन चारपर्यंत. आता तूच सांग, बाकांसाठी व्रत मोडावं का? व्रत देवाला दिलेलं, बाक माणसांनी आणलेले. मी खूण करून कागद मागवला आणि लिहिलं, 'काळजी करू नका. चार वाजता सगळं संपेल.' पी छुआनीनं मोठ्यानं वाचलं आणि हंबरडा फोडला, "देवा! हिला तर वेळसुद्धा कळली!" मी दुसरा कागद मागत होते, पण कुणी देईना. माझे कष्ट पाहवेनात त्यांना. रुआता कोपऱ्यात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "चारपर्यंत थांबा म्हणते आहे." तेही खरंच होतं.

तेव्हा सगळे चार वाजायची वाट पाहत बसले. आणि ऊ, इथून पुढचं मला विनोदानं लिहिता येत नाही, तरी प्रयत्न करते. मरणाऱ्या माणसापुढे तालीम घेता येत नाही, बैठक भरवता येत नाही, उठून जाताही येत नाही. नुसतं बसावं लागतं. पंधरा मिनिटांत गाणं थांबलं. अर्ध्या तासानं माणसं भिंतींना टेकली. इतकी माणसं एका खोलीत, रविवारी, काहीही न करता! पी छुआनीनं पाय लांब केले, माझ्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "बिआकी, रागावू नकोस गं, पण मला इथं जरा बसू दे. सहा वर्षं चढउतार करून मुठी गोळा करते आहे. गुडघे संपले माझे. मला नाही म्हणता येत नाही. तुझ्यापाशी बोलले, तू काय आता कुणाला सांगणार?" मग तिच्या जागी उपा थानझुआला आले. बराच वेळ घसा खाकरत राहिले. म्हणाले, "पोरी, एक मनात आहे. नऊ वर्षं तू बैठकांची इतिवृत्तं लिहिलीस. सुंदर अक्षर. मी त्यातलं एकही वाचलं नाही. मला क्षमा कर." मी डोळे मिटूनच ठेवले. क्षमा करायला मला पंधरा मिनिटं लागली. (दोनशे सोळा पानं आहेत ती. समासासकट.) तोवर उपा बाकावर घोरू लागले होते.

चार वाजले. मी उठून बसले आणि म्हटलं, "चहा ठेवू?" एक बाई किंचाळली. मग जो तो बोलू लागला. कुणी हसलं, कुणी चिडलं. पी छुआनी तर लाल होऊन म्हणाली, "मेली नाहीस? मग मी जे बोलले ते?" मी म्हटलं, "कुणाला नाही सांगणार." (तुला सांगते आहे, पण तू लुंगलेईत.) शोकाच्या घरासाठी म्हणून कुणीतरी कोंबडीचा मऊ भात पातेलंभर आणला होता, त्यावर माझा उपास सुटला, दोन वाट्या. मुलांनी कुरकुरत बाक परत नेले. आणि उपा थानझुआला, गालावर बाकाच्या फळीचा वळ घेऊन, दारात थांबले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

असं सगळं झालं. एक रविवार खुर्ची रिकामी राहिली आणि मंडळी कोसळली नाही, हे मी डोळ्यांनी (मिटलेल्या का होईना) पाहिलं. आता मंगळवारी उभी राहून 'नाही' म्हणायला मला काही कठीण नाही. विश्रांती ही देवाची देणगी आहे, ती माणसानं निर्भयपणे घ्यावी, हे मी शिकले. भाऊजींना सलाम सांग, गुडघ्याला शेक घे, आणि आमच्यासाठी प्रार्थना कर, बसून.

तुझी धाकटी,
बिआकी

ता. क. रविवारची चुकलेली मूठ मी सोमवारी दुप्पट करून टाकली. रुआता म्हणाला, "व्याज नाही घातलं?" मग मी तिसरी टाकली. मग ती काढून घेतली. मग काढलेली परत टाकली.

ता. क. २. पी छुआनीचंही एक ओझं आहे मनावर. मी नाही म्हटलं तर सगळ्या तिच्याकडेच बघतील, आणि तिचे गुडघे मला आता ठाऊक आहेत. नाही म्हणणं इतकं सोपं नाही, असं आज वाटतं आहे.

ता. क. ३. ऊ, स्पष्टच लिहिते. तुझा खडा. तो मंगळवारी जरा दुखला तर? म्हणजे तू खोटं बोलावंस असं मुळीच नाही. पण खडा आहे म्हणजे कधीतरी दुखत असणारच, आणि तू सोमवारी उपांना एक फोन करून 'बिआकीला पाठवा' एवढंच म्हणालीस, तर त्यात असत्य असं नेमकं कुठलं वाक्य येईल? हे पत्र उद्याच्या जीपनं येतं आहे, म्हणजे तुला दोन दिवस मिळतात. फोनवर हे मागायला जीभ वळली नाही. कृपा करून.

ता. क. ४, बुधवार. जीप गेलीच नाही. वाटेत सेरछिपच्या अलीकडे दरड कोसळली, रस्ता आज उघडतो आहे, आणि पत्र पाच दिवस माझ्याच पिशवीत. एवढा डोंगर हलवून देवानं मला उत्तर दिलं, असं म्हणणं गर्वाचं होईल, पण रोजनिशीत मी तसं लिहिलं आहे. काल निवडणूक झाली. माझं नाव आलं. मी उभी राहिले. आईचा आवाज कानात होता. म्हटलं, "नाही." खोलीत अशी शांतता झाली की मला वाटलं, आता बाक येतील. सगळ्यांच्या माना पी छुआनीकडे वळल्या. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मीपण नाही. आणि मुठी गोळा करायलाही नाही. खालच्या गल्लीतल्या तरण्याताठ्या सुना काय गुडघे जपून ठेवणार आहेत?" मागून आणखी दोघी म्हणाल्या, आम्हीही नाही. त्यांतल्या खजिनदारीणबाईंना तर कुणी विचारलंही नव्हतं. शेवटी ठरलं की मुठी सुना गोळा करतील आणि कार्यवाहाचं काम पाळीनं होईल, प्रत्येकीकडे दोन महिने. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी माझी निघाली.

हसू नकोस. फक्त दोन महिने आहेत. मंडळीच्या कामाला शेवटची तारीख असलेली मी आयुष्यात प्रथमच पाहिली, आणि घरी येऊन ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं गोल करून ठेवली.

ता. क. ५. तो गोल संपला की मी दहा दिवस तुझ्याकडे येते. खडा दुखायची गरज नाही. एक चटई आणि एक उशी पुरे. फक्त तुमच्या मंडळीत कुणाला माझं अक्षर दाखवू नकोस, आणि रविवारी मी दिसले नाही तर त्यांना आधीच सांगून ठेव की बिआकी झोपली आहे.