शेवटची दहा मिनिटं

पिक्चर संपायच्या आधी मले तंबूतून उचलून काऊन आणलं, बाबा? सत्तर वर्षं झाली, तुम्हाले जाऊनही पन्नास होतील, पण हा राग काही जात नाई.

आता मी पिपरीत लेकाकडं राहते. काल नातीनं मोबाइलवर तोच पिक्चर काढला. तोच घासलेला, काळा-पांढरा. तेच भांडकुदळ पोरगा-पोरगी, ज्यांचं लगन जमता जमत नाई. नात म्हणते, "आजी, एक वाक्य बोलायला किती वेळ लावते गं ही!"

तुम्ही नव्हते लावत. गावच्या नाटकात ती पोरगी तुम्हीच व्हायचे, मायचं हिरवं लुगडं नेसून. माय म्हणे, "माह्यापेक्षा यायलेच शोभते मेलं!" त्याच नाटकाचा पिक्चर आष्टीच्या बाजारात तंबूत लागला, म्हणून तर आपण गाडी जुंपून गेलो. मधे कनात, बायका इकडं, माणसं तिकडं. पडद्यावरची बाई तोंड उघडते न उघडते तोच तिचं वाक्य कनातीपलीकडून येते, तुमच्या आवाजात, बारीक अन् लाडिक. पुन्हा येते. मग एका ठिकाणी पिक्चरवाल्यायनं नाटक बदललं, तर तुम्ही ओरडले, "असं नाई! आधी ती रुसते!" सारा तंबू हसला. कोणीतरी म्हणालं, "अरे, हिरोईन तर इथं बसून राह्यली! तिले बायकांत धाडा!"

तुम्ही आले, मले खांद्यावर टाकलं, मायले म्हणाले, "चल." गाडीत माय कुरकुरली, "लगन तरी पाहू द्याचं होतं त्यायचं." तुम्ही बैलायच्या शेपट्या पिरगाळल्या. त्यानंतर नाटकात कधी उभे राह्यले नाई. लुगडं मायनं घडी घालून पेटीत ठेवलं. मी शेवट विचारला की म्हणायचे, "मोठी झाली का सांगीन." मी मोठी झाली, सासरी गेली, म्हातारी झाली.

काल दहा मिनिटं बाकी होती. मी म्हटलं, "बंद कर." नात म्हणे, "आजी, येडी झाली का?" झाली असंन. पण शेवट मले त्या बाईच्या तोंडून नाई पाह्यजे. तुमच्या बारीक आवाजात पाह्यजे.

अन् एक आजवर कोणाले सांगितलं नाई. त्या दिवशी तंबूत सगळ्यात आधी हसली ती मी. बाकीचे मागून हसले. माह्या हसण्याचा आवाज तुम्ही ओळखला असंन.

हा कागद पेटीत लुगड्याखाली ठेवते. जबाब तुम्हीच द्या. मायले पुढं करू नका.