शिंकणाऱ्या आणि बाकीच्या
मंगळवार, संध्याकाळ. कुडाळ

आज हसू येतंय, पण आधी चूक लिहून ठेवते. सुलभाकाकींच्या पोल्ट्रीत कोंबड्या शिंकत होत्या, म्हणून मागच्या आठवड्यात मी दहा जणींच्या घशातले नमुने घेतले. नऊ जणींत जंतू सापडले. मी जनावरांची डॉक्टर, लगेच ठरवून टाकलं की सगळ्या शेडला औषध द्यायचं. म्हणजे औषधाचा अंश अंड्यात उतरतो, तोवर काकींची अंडी विकणं बंद.

काकी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरबाय, ज्यो शिंकतत त्योच तुमी धरलास. बऱ्यो आसत त्येंका कोण इचारतला?"

कॉलेजात हेच तर शिकले होते ना? आजारी दिसतात त्याच तपासल्या, तर सगळा कळप आजारीच निघणार. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. बऱ्यो आसत त्येंका कोण इचारतला?

दुसऱ्याच दिवशी परत गेले. दर दहा पावलांवर थांबायचं आणि हाताला येईल ती कोंबडी धरायची, शिंको वा न शिंको. अशा तीस धरल्या. आज निकाल आला, फक्त चौघींत जंतू, त्याही शिंकणाऱ्याच. आता शिंकणाऱ्या वेगळ्या ठेवून त्यांनाच औषध. बाकीच्यांची अंडी बाजारात जातील.

सांगायला गेले, तर काकी म्हणाल्या, "माका काय सांगतास? त्येंका सांगा."

मग मी शेडमध्ये उभी राहून खरंच म्हणाले, "चुकलं माझं." एकीने माझ्या बुटावर चोच मारली. बाकीच्या दाणे टिपत राहिल्या.