टेबल उंच आहे

४ मे, सकाळ
रिटायर झाल्यापासून मी नुसता बसून असतो, असं घरात जे बोललं जातं ते आजपासून बंद.
शालन परवा मोरीच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, जून निम्मा होईस्तोवर हात हलवायचा नाही. आणि इकडे प्रियदर्शनी मॅडमच्या बालवाडीचे फ्रॉक आणि शर्ट शाळा उघडायच्या आत द्यायचेत. आष्ट्यात इतक्या शिवणाऱ्या बायका असून ही ऑर्डर यंदा पहिल्यांदा शालनकडे आली. ती परत करायची म्हणून डाव्या हातात फोन धरून बसली होती. मी फोन काढून घेतला. म्हणालो, मी आहे ना.
ती म्हणाली, "तुमी?"
एवढंच. पण बराच वेळ माझ्याकडे बघत होती. कौतुकाने असावं.
साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात अख्खी नोकरी काढली. शेकडो माणसांची हजेरी सांभाळली. त्यापुढे चार वर्षांच्या पोरांचे फ्रॉक म्हणजे काय!
संकल्प: रोज सकाळी सातला मशीनवर.

५ मे
अकराला मशीनवर. सातला उठलो होतो, पण पेपर आला.
पहिलं निरीक्षण: शिवणखोलीतलं सगळं फर्निचर चुकीच्या मापाचं आहे. कटिंग टेबल माझ्या छातीला लागतं. कापड कापताना हात वर धरावे लागतात, शरण आल्यासारखे. मशीनच्या खुर्चीवर बसलो तर पायडलला फक्त अंगठे पोचतात. दोऱ्याची रिळं ज्या फळीवर आहेत, तिथे काय ठेवलंय ते मला दिसत नाही.
शालनला सांगितलं, टेबल उंच आहे. ती म्हणाली, "आवं, टेबल उंच न्हाई, तुमी..." आणि थांबली. मग म्हणाली, "तुमी च्या घेणार का?"
इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बुटका नाही. सर्व्हिस बुकात माझी उंची पाच फूट चार इंच आहे. ती नोंद मी स्वतः केली होती, म्हणजे चूक असण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही थोरले भाऊ मिलिटरीत गेले आणि मला भरतीतून उंचीवरून परत पाठवलं हे खरं. पण त्या मैदानात माझ्या पायाखालची जमीन उतरती होती. शालन माझ्यापेक्षा उंच दिसते. दिसते. अंबाडा वजा केला तर फरक किरकोळ आहे.

७ मे
साधा उपाय सापडला. जेवायचे दोन पाट एकावर एक ठेवून वर उभा राहिलो. टेबल एकदम मापात! शालन शेजारी उभी राहून सांगत होती, खडूच्या रेघेवरनं चला, रेघ सोडू नका. मी रेघ सोडली नाही. रेघ टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत होती. पाट नव्हते.
फ्रॉकची पुढची बाजू गळ्यापासून घेरापर्यंत उभी चिरली गेली. शालनने आधी कापड उचललं, मग मला.
पाट गुळगुळीत आहेत. दोष पाटाचा.

१० मे
कटिंग थोडं बाजूला ठेवलं. आधी मशीन.
सोफ्याच्या दोन गाद्या खुर्चीवर टाकल्या. वर बसलो तर सुई समोर, हात बरोबर, सगळं उत्तम. पाय लोंबकळत. मग पायडलखाली वीट घेतली. पाय पोचले. अशी एकेक अडचण पद्धतशीर सोडवत गेलं की काम सोपं होतं.
वीट कलली. पायडल भिंत आणि विटेच्या मध्ये अडकलं आणि मशीन आपोआप सुटलं. मी कापड सोडलं असतं, पण तोवर माझ्या शर्टाची बाही फ्रॉकला शिवली गेली होती. शालनने डाव्या हाताने बटण बंद केलं. मग खाली बसून हसायला लागली. पडल्यापासून पहिल्यांदाच हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
हसल्याने प्लास्टर हलतं. तिला कळत नाही.
शिलाई मात्र सरळ आली होती. उसवायला फार त्रास झाला, म्हणजे मजबूतही होती.

१४ मे
आता अर्धवट उपाय बास. रूमचं पूर्ण मॉडर्नायझेशन करायचं ठरवलं. हे मी माझ्यासाठी करत नाही. शालनच्या पाठीसाठी करतोय. तिचा हात बरा झाला की तिलाही सोयीचं होईल.
एसटीने सांगलीला जाऊन खालीवर होणारी गोल फिरती खुर्ची आणली. दुकानदार म्हणाला, "साहेब, बसून बघा, पाय टेकतात का." मी म्हटलं, पाय टेकवून काम करायची माझी पद्धत नाही. त्याने पावती फाडली.
संध्याकाळी पूर्ण वर करून बसलो आणि शर्टाची पहिली बाजू शिवायला घेतली. सुरुवातीला टीप अगदी काठावर होती. पुढे पुढे ती आत सरकत गेली. शेवटी शेवटी मला सुई दिसेना. शालन दारातून म्हणाली, "आवं, तुमी खाली चाललाय."
खरंच. खुर्ची हळूहळू बसत होती. म्हणजे शिलाई वाकडी नव्हती, मी उतरत होतो.
वॉरंटीचा कागद सापडत नाही.

१८ मे
गल्लीतल्या हरिबा सुताराला बोलावलं. कटिंग टेबलाचे पाय कापायला सांगितले. हरिबाने करवत काढली आणि शालन आली. आवाज न चढवता म्हणाली, "त्या टेबलाला करवत लागली तर बघा. वाकून वाकून कंबर गेली हुती माझी. पहिल्या दिवाळीच्या शिलाईतनं करून घेतलंय ते. माझा हात बरा झाल्यावर मी काय गुडघ्यावर बसून कापू?"
हरिबाने करवत परत पिशवीत ठेवली. म्हणाला, "टेबल वैनींचं हाय, साहेब. मी न्हाई हात लावत."
तेव्हा मला एक लख्ख कल्पना सुचली. टेबल खाली आणायचं नाही, जमीन वर आणायची! टेबलाच्या पुढे लांबच्या लांब फळ्यांचा ओटा. हरिबालाही पटलं. त्याने टेबलाची उंची घेतली आणि विचारलं, "तुमची उंची किती?"
पाच चार, मी सांगितलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं. मग शालनकडे पाहिलं. शालन खिडकीबाहेर पाहत होती.
"पाच चार," हरिबा म्हणाला आणि पेन्सिल कानाला लावून गेला.

२१ मे
ओटा आला. काम सुबक आहे. फक्त कमी पडतो. त्याच्यावर उभं राहूनही टेबल छातीला नाही तरी बरगड्यांना लागतंच. हरिबाचं गणित कच्चं आहे.
त्याला बोलावून तसं सांगितलं. तो म्हणाला, "पाच चारच्या माणसाला बरोबर बसतंय बघा. एखादा पाच चारचा माणूस बोलवून बघायचा का?"
सुतारांनी असं उलट बोलू नये.
ओट्याखाली जुन्या पेपरांचे गठ्ठे सरकवले. आता उंची मिळते, पण एका बाजूला चाललं की दुसरी बाजू उठते. सवयीने जमेल. आजवर तयार फ्रॉक: फार नाहीत. आकडा लिहीत नाही, मनोधैर्यावर परिणाम होतो.

२६ मे, संध्याकाळ
प्रियदर्शनी मॅडम न सांगता आल्या. म्हणाल्या, सहज आले, झालेलं थोडं बघते. त्यांच्या आईच्या नऊवारीपासून सगळं शालन शिवते, त्यामुळे बोलणं घरच्यासारखं.
त्यांनी एक फ्रॉक उचलला. खिसे दोन्ही होते. एक पोटावर, एक मांडीवर. त्यांनी फ्रॉक थोडा तिरका धरून पाहिला, तसे खिसे एका ओळीत आले. मी म्हटलं, असा धरला तर बरोबर दिसतो. मॅडम म्हणाल्या, "लालासाहेब, मुलं असं तिरकं उभी राहत नाहीत हो."
मग शालनला हळू म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका शालनताई. यंदा इस्लामपूरला देऊ का? पुढच्या वर्षी तुमच्याकडेच."
शालन म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." वर चहाही केला, एका हाताने. मॅडमना वाटेपर्यंत सोडून आली. मग शिवणखोलीत गेली. बराच वेळ आवाज नाही म्हणून डोकावलो. ती तिच्या टेबलापाशी उभी होती. डाव्या हातात मोठी कात्री घेऊन कापड कापायचा प्रयत्न करत होती. कात्री कापडाला नुसती चावत होती, कापत नव्हती. पदराने डोळे पुसायलाही तिला कात्री खाली ठेवावी लागली.
मी तसाच मागे आलो.
जेवण गेलं नाही. फर्निचरबद्दल आज काही लिहायचं नाही.

२७ मे
सकाळी सातच्या आत मॅडमच्या दारात. त्या देवळात निघाल्या होत्या. म्हणालो, दहा जूनपर्यंत थांबा. खिसे शालन सांगेल तिथेच लागतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही शिवणार?" मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, "बरं. शालनताईंसाठी थांबते."
तिथून हरिबाकडे. म्हणालो, माळ्यावर आमचं जुनं जेवणाचं टेबल पडलंय. त्याचे पाय काप. त्याच्या एका खुर्चीचेही काप. मशीन त्यावर बसव. घरात एक थोडी कमी उंचीची व्यक्ती आहे, तिच्या मापाचं पाहिजे.
"कोण?" हरिबा म्हणाला.
पाहुणे आहेत, म्हणालो.
तो म्हणाला, पाहुण्यांचं माप घ्यावं लागंल. बसल्यावर कोपर कुठं येतंय, गुडघा कुठं येतोय. पाहुणे नाहीत तर तुमचंच घेतो.
तो माझ्याबरोबर घरी आला, पण माप शालनने घेतलं. मला स्टुलावर बसवलं, टेप डाव्या हाताने धरला, दुसरं टोक माझ्याच पायाखाली दाबून ठेवायला सांगितलं. कोपर ते जमीन. गुडघा ते जमीन. मग म्हणाली, "उभं ऱ्हावा." उभा राहिलो. ताठ. टाचा किंचित उचलल्या गेल्या असतील. तिने खांद्यावर हात ठेवून हलकेच खाली दाबलं.
आकडे तिने मोठ्याने सांगितले नाहीत. हरिबाच्या कानात सांगितले. तो मान हलवून गेला.
गोपनीय माहिती अशीच द्यायची असते.

३० मे
बसलो.
दोन्ही तळवे जमिनीला टेकले. पूर्ण. टाचांसकट. हाताला टेबल, डोळ्याला सुई, आणि पायडल पायाखालीच. पाय टेकल्यावर माणूस किती निवांत होतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एक टीप मारली. सरळ. परत मारली. परत सरळ. शालनला हाक मारली तर ती मागेच उभी होती.
कापणंही याच टेबलावर. ती ठेंगण्या स्टुलावर बसून डाव्या हाताने कापड धरते, मी कापतो. ती म्हणते, "लय घाई करू नका." मी करत नाही. ती खिशाची जागा खडूने दाखवते, मी पिना लावतो. मध्येच लक्षात आलं, असं शेजारी बसल्यावर आमचे खांदे एका रेषेत येतात. तिनेही बघितलं. मी पुढचा शर्ट घेतला.

३ जून
पाठ दुखते. बोटाला दोनदा सुई. एक बाही उलटी लागली, शालनने दातांनी उसवली. बाकी जोरात.
हरिबा आज सहज आला. म्हणाला, "पाहुणं अजून हायतच का?" मी म्हटलं, मुक्काम वाढला.

८ जून
सगळे फ्रॉक आणि सगळे शर्ट इस्त्री करून मॅडमकडे पोचवले. त्यांनी उलटसुलट करून बघितले. दोन फ्रॉकचा घेर थोडा तिरका आहे, ते त्यांनी हसत खाली ठेवून दिले, परत केले नाहीत. पुढच्या वर्षीची ऑर्डर तिथल्या तिथे. घरी येताना शालनने चौकात थांबून मला कलिंगड घेऊन दिलं. मला आवडतं म्हणून.
डोक्यात मोठे प्लॅन. "शालन अँड लालासाहेब ड्रेसेस." बोर्ड लावायचा. मी कटिंग आणि शिलाई, ती मार्गदर्शन. कराडपर्यंत ऑर्डरी घ्यायच्या. ब्लाउजला हात घालायला हरकत नाही. बसून शिवायची मॉडर्न पद्धत म्हणून माझं टेबल लोकांना दाखवता येईल. कदाचित क्लास.

१९ जून
प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कामाला लावा. शालनने हळूहळू म्हणजे आजच लावलं. शिवणखोलीतून ओटा बाहेर काढला, पेपर रद्दीत, फिरती खुर्ची त्या ओट्यावर, मशीन परत जुन्या जागी. तिच्या उंच टेबलापाशी ती उभी राहिली आणि कात्री चालली. कापडाला एक सुरकुती नाही. इतक्या दिवसांत मी जेवढं कापलं तेवढं तिने चहा गार व्हायच्या आत कापलं.
मी बोर्डाचा विषय काढला. ती म्हणाली, "बटनं लावता का? बटनं तुमी छान लावता."
बटणं कॉटवर बसूनही लावता येतात.

२४ जून
मॅडम परवा आल्या होत्या, शिलाईचे उरलेले पैसे घेऊन. शिवणखोलीत माझं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं दिसलं. त्यावर हात फिरवून म्हणाल्या, किती छान केलंय, आमच्याकडे चित्रं रंगवायला असंच एक पाहिजे होतं. मग शेजारी हात धरून अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "अगदी आमच्या मुलांच्या मापाचं आहे."
शालनने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. हसू फार कष्टाने आवरलं. म्हणाली, "देऊ का वं?"
नाही कसं म्हणणार. शैक्षणिक कार्य आहे. त्याच दुपारी हरिबा टेम्पो घेऊन आला आणि टेबल, खुर्चीसकट, गेलं. जाता जाता त्याने विचारलं, "पाहुणं गेलं वाटतं?"
गेले म्हटलं.
आज सकाळी फिरायला गेलो तेव्हा बालवाडीच्या खिडकीतून डोकावलो. टेबल मांडलं होतं. पोरं भोवती उभी राहून रंगवत होती. मापात होतं.
हल्लीची पोरं फार लवकर उंच होतात. आहार सुधारलाय.