डब्यातला वाफसा

शनिवार, १२ सप्टेंबर. लोअर हट.

मराठी वर्गात आज पीक, माती, जनावरं. चित्रांची कार्डं न नेता आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बागेतली माती नेली, हे उत्तम केलं. मूठ वळायची, गोळा खाली सोडायचा. फुटला तर वाफसा, म्हणजे माती पेरणीला तयार. डब्यातला गोळा मस्त फुटला. फक्त आमची ईरा गप्प. तिला मराठी कळतं, पण उत्तर कायम इंग्लिशमध्ये. माझंच काही चुकतंय का?

संध्याकाळी बटाटे लावायला कुदळ घेऊन गेले, तर ही आधीच वाफ्यात बसून मूठ वळतेय.

"आई, डब्यातली माती घरात सुकली. इथे गोळा फुटत नाही. वाफसा नाही."

बरोबर होतं तिचं. मला तिने मराठीत पहिल्यांदाच अडवलं. मी निमूट कुदळ ठेवून दिली.